सेन्सॉर गेल्यानंतरचा पोलंड आणि त्याचे चित्रकार

वॉर्सा शहराच्या मध्यभागी ‘झाखेंता’ नावाचे एक जुने कलादालन आहे. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘उत्तेजन’. ललित कलांना उत्तेजन देण्यासाठी तेथील नागरिकांनी १८६० साली एक संस्था स्थापन केली आणि १९०० साली त्या संस्थेने ही देखणी वास्तू उभी केली. त्या वेळी पोलंड नावाचे राष्ट्र युरोपच्या नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी त्याचे लचके तोडून आपापसांत वाटून घेतले होते. ज्यांना स्वतःचे राज्य नव्हते अशा लोकांनी वर्गणी काढून चित्रांसाठी घर बांधले, ही गोष्ट पोलिश मनाबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

याच इमारतीत १६ डिसेंबर १९२२ रोजी स्वतंत्र पोलंडचे पहिले अध्यक्ष गाब्रिएल नारुतोविच यांचा खून झाला. अध्यक्षपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम पाच दिवस झाले होते आणि एका चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनासाठी ते तेथे आले होते. राष्ट्रीय सभेत अल्पसंख्याकांच्या, विशेषतः ज्यू प्रतिनिधींच्या, मतांवर हा मनुष्य अध्यक्ष झाला, याचा कडव्या राष्ट्रवाद्यांना संताप आला होता. गोळ्या झाडणारा एलिगियुश न्येव्यादोम्स्की हा कोणी भाडोत्री गुंड नव्हता. तो स्वतः चित्रकार आणि कलासमीक्षक होता. कला आणि राजकारण यांची इतकी रक्तरंजित गाठ जगातील फार थोड्या कलादालनांत पडली असेल.

ही जुनी कथा येथे सांगण्याचे कारण असे की, १९८९ नंतरच्या पोलंडमध्ये कलेवरून जी वादळे उठली त्यांतील सर्वांत मोठी याच छपराखाली उठली. कम्युनिस्ट राजवट कोसळली, सेन्सॉरचे कार्यालय बंद झाले, बाजार खुला झाला, मतपेटी खरी झाली. आता कलावंताला मोकळा श्वास घेता येईल, असे सर्वांना वाटले होते. तो त्याला घेता आला हे खरे. परंतु श्वास मोकळा झाल्यावर तो जे बोलू लागला ते ऐकून घेण्याची तयारी समाजाची होती काय, हा प्रश्न आज पस्तीसहून अधिक वर्षांनंतरही मिटलेला नाही.

मागच्या राजवटीची एक बाजू आधी लक्षात घेतली पाहिजे, कारण तिच्याविषयी आपल्या मनात एक ठोकळेबाज चित्र असते. पोलंडमध्ये समाजवादी वास्तववादाची सक्ती १९४९ पासून सुरू झाली खरी, परंतु १९५६ च्या सुमारास ती बरीचशी सैल पडली. त्यानंतर अमूर्त चित्रे काढली म्हणून कोणाला तुरुंगात जावे लागले नाही. तादेउश कांतोर यांची नाटके आणि चित्रे, माग्दालेना अबाकानोविच यांच्या अंबाडीच्या आणि तागाच्या दोरखंडांतून घडविलेल्या प्रचंड आकृती, जगभर नावाजलेली पोलिश भित्तिपत्रके, हे सर्व त्याच राजवटीत निर्माण झाले. सरकारचा कलावंताशी एक अलिखित करार होता असे म्हटले तरी चालेल. रूपाचे प्रयोग हवे तेवढे करा. सत्तेविषयी बोलू नका. सरकारी कार्यालयांना आणि कारखान्यांना लागणारी सजावटीची कामे चित्रकारांच्या संघटनेमार्फत मिळत, त्यांतून पोट भरे, आणि उरलेल्या वेळात मनाजोगते काम करता येई.

हा करार १३ डिसेंबर १९८१ रोजी मोडला. त्या दिवशी जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा जारी केला, ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेच्या नेत्यांना पकडले आणि रस्त्यावर रणगाडे आणले. कलावंतांनी यावर दिलेले उत्तर अभिजात होते. त्यांनी सरकारी दालनांवर आणि दूरदर्शनवर बहिष्कार घातला. १९८३ साली सरकारने त्यांची संघटनाच बरखास्त करून टाकली. मग चित्रे लावावयाची कोठे? ती चर्चमध्ये लागली. वॉर्सातील झित्निया रस्त्यावर महायुद्धात उद्ध्वस्त झालेले एक चर्च होते. त्याच्या उघड्या विटांच्या भिंतींमध्ये १९८३ साली ‘क्रुसाचे चिन्ह’ नावाचे प्रदर्शन भरले. त्यात श्रद्धाळू होते तसे नास्तिकही होते. ज्यांनी आयुष्यात कधी गुडघे टेकले नव्हते असे प्रयोगशील चित्रकार पाद्र्यांच्या आश्रयाला आले आणि पाद्र्यांनीही त्यांना प्रार्थना म्हणावयास लावली नाही. धर्म आणि आधुनिक कला यांचे असे सख्य विसाव्या शतकात अन्यत्र क्वचितच दिसले असेल. पुढे जे घडले त्याची कटुता समजण्यासाठी हे सख्य ध्यानात ठेवावे लागते.

४ जून १९८९ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांचा पराभव झाला. १९९० च्या एप्रिल महिन्यात कायदा करून सेन्सॉरचे कार्यालय रद्द करण्यात आले. हे कार्यालय वॉर्सात ज्या गल्लीत होते तिचे नाव ‘उंदरांची गल्ली’ असे आहे, आणि पोलिश लोकांनी त्यावरून चाळीस वर्षे पुरेसे विनोद करून घेतले होते. कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या भव्य इमारतीत १९९१ साली शेअर बाजार सुरू झाला आणि तो तेथे २००० पर्यंत होता. इतके बोलके रूपक कोणा चित्रकाराने रचले असते तर ते फारच ढोबळ म्हणून आपण नाक मुरडले असते.

स्वातंत्र्याचे पहिले मोठे कलाकृत्य मात्र कोणालाच आनंद देणारे नव्हते. वॉर्साच्या ललित कला अकादमीत कातार्जिना कोझिरा ही विद्यार्थिनी पदविकेच्या परीक्षेला बसली होती. १९९३ साली तिने परीक्षकांसमोर ‘प्राण्यांचा मनोरा’ ठेवला. खाली घोडा, त्याच्यावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर आणि सर्वांत वर कोंबडा. ग्रिमबंधूंच्या परीकथेतील असेच चौघे, फक्त घोड्याच्या जागी गाढव, लहान मुलांनाही ठाऊक असतात. येथे ते पेंढा भरलेले खरे प्राणी होते. घोडा या कामासाठी मारला गेला होता आणि त्याला मारतानाचे चित्रीकरण शेजारीच पडद्यावर दाखविले जात होते. देशभर गहजब झाला. वर्तमानपत्रांतून संतापाची पत्रे आली. अकादमी बंद करावी अशीही भाषा झाली. कोझिरा यांचे म्हणणे साधे होते. घोड्याचे आणि कोंबडीचे मांस तुम्ही खाता, कातड्याचे बूट घालता आणि मरण मात्र भिंतीपलीकडे ठेवता. ती भिंत मी काढून टाकली.

या युक्तिवादाने प्रस्तुत लेखकाचे समाधान होत नाही. एक जीव घेऊन जीव घेण्याविषयी प्रश्न विचारणे यात जो पेच आहे तो कलेच्या नावाने सुटत नाही. तथापि ही बाई दुसऱ्यांच्याच मरणाकडे बोट दाखवीत होती असे मात्र म्हणता येणार नाही. त्या काळात त्यांना लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने गाठले होते. १९९६ साली त्यांनी माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिम्पिया’ या प्रसिद्ध चित्रातील पवित्र्यात स्वतःचे छायाचित्र काढून घेतले. औषधांनी केस गेलेले, अंगावर वस्त्र नाही, मानेला ती सुप्रसिद्ध काळी फीत. आणि मालिकेतील एका छायाचित्रात इस्पितळाची खाट व शिरेत सलाइनची नळी. कलेच्या इतिहासातील सर्वांत निःसंकोच नजर पाहणाऱ्याकडे पाहते आहे, पण ती आता रुग्णाची नजर आहे. ‘मनोरा’ पाहून अस्वस्थ होणाऱ्याने ‘ऑलिम्पिया’ पाहिल्यावाचून निवाडा देऊ नये.

चाळीस वर्षे शरीर ही कामगाराची, खेळाडूची, राष्ट्राची वस्तू होती. चर्चच्या छायेत ते पापाचे घर होते. आजारी, म्हातारे, पांगळे शरीर या दोन्ही चौकटींत बसत नव्हते. नव्या पिढीने नेमके तेच पुढे आणले. या प्रवाहाला तेथील समीक्षकांनी ‘टीकात्म कला’ असे नाव दिले आहे. सत्ता सेन्सॉरच्या कचेरीतच राहते असे नव्हे, ती शाळेत, इस्पितळात, जाहिरातीत आणि खेळण्याच्या दुकानातही राहते, अशी या मंडळींची धारणा.

खेळण्याचे दुकान हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा आहे. झ्बिग्न्येव लिबेरा या चित्रकाराला लष्करी कायद्याच्या काळात भूमिगत पत्रके छापल्याबद्दल तुरुंगवास झाला होता. १९९६ साली त्याने ‘लेगो’ या डॅनिश कंपनीच्या ठोकळ्यांतून सात खोक्यांचा एक संच तयार केला. खोक्यावरील चित्रे अगदी दुकानातल्यासारखी, रंग तसेच, मांडणी तशीच. आत मात्र छळछावणी होती: बराकी, काटेरी कुंपण, काळ्या गणवेशातले पहारेकरी आणि सांगाड्यांच्या रूपातले कैदी. ठोकळे कंपनीने फुकट दिले होते आणि त्यांतून काय बनणार याची तिला कल्पना नव्हती. खोक्यावर कंपनीच्या साहाय्याचा उल्लेख पाहून ती हादरली. वकिलांची पत्रे आली. पुढे प्रकरण मिटले. १९९७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पोलंडच्या दालनासाठी लिबेरा यांची निवड झाली होती, परंतु हे काम आणू नये असे त्यांना सुचविण्यात आले आणि त्यांनी दालनातूनच अंग काढून घेतले. सेन्सॉरचा कायदा रद्द होऊन सात वर्षे झाली होती. बंदी कोणी घातली नव्हती. विनंती केली होती, एवढेच. वॉर्साच्या आधुनिक कला संग्रहालयाने या संचाची एक प्रत २०११ साली विकत घेतली. पंधरा वर्षांत ‘लाजिरवाणी’ वस्तू राष्ट्रीय ठेवा झाली.

आता पुन्हा झाखेंताकडे वळू. २००० साली या वास्तूला शंभर वर्षे झाली. संचालिका होत्या आंदा रोटेनबर्ग. त्यांनी १९९३ पासून हे दालन सरकारी मरगळीतून बाहेर काढले होते. नोव्हेंबर महिन्यात तेथे पिओत्र उक्लान्स्की यांची ‘नाझी’ नावाची छायाचित्रमाला लागली. चित्रपटांतून जर्मन अधिकाऱ्यांच्या भूमिका केलेल्या नटांची १६४ छायाचित्रे भिंतीवर एका ओळीत मांडलेली. कडक टोपी, चकचकीत बूट, देखणे चेहरे. सिनेमाने राक्षसांना किती मोहक करून ठेवले आहे, हे त्या ओळीकडे पाहिल्यावर बोलून दाखविण्याची गरज राहत नाही. दानिएल ओल्ब्रिख्स्की हा पोलंडचा अत्यंत लोकप्रिय नट. त्याचेही छायाचित्र त्या ओळीत होते. तो कोटाखाली तलवार लपवून आला, सोबत कॅमेरेवाले होते, आणि त्याने स्वतःचे व आणखी काहींचे छायाचित्र सपासप फाडले. ऐतिहासिक चित्रपटांतील शूर सरदार म्हणून सारा देश त्याला ओळखत होता. त्या दिवशी त्याने आणखी एक भूमिका केली असे म्हणावयाचे. प्रदर्शन लवकरच गुंडाळले गेले.

डिसेंबरमध्ये शताब्दीचे प्रदर्शन सुरू झाले. हाराल्ड झेमान या स्विस तज्ज्ञाने ते मांडले होते. त्यात मौरिझ्झिओ कात्तेलान या इटालियन शिल्पकाराची एक कृती होती. पोप जॉन पॉल दुसरे यांचा हुबेहूब मेणाचा पुतळा. आकाशातून पडलेल्या उल्केखाली ते कोसळले आहेत, पण हातातला क्रूस सुटलेला नाही. ज्या पोपमुळे कम्युनिस्टांचा पाया डळमळला अशी पोलंडच्या प्रत्येक घरात श्रद्धा, ते पोप वॉर्सात असे जमिनीवर! वस्तुतः ही प्रतिमा कुचेष्टेची आहे की करुणेची, हे सांगणे कठीण आहे. जगाचे ओझे अंगावर पडलेला एक थकलेला म्हातारा असाही तिचा अर्थ लागतो. परंतु संसदेच्या दोघा सदस्यांना अर्थ लावण्यास सवड नव्हती. ते दालनात आले, त्यांनी तो दगड बाजूला सारला आणि पुतळा उभा करण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर संचालिकेच्या बडतर्फीची मागणी झाली आणि तीत त्यांच्या ज्यू वंशावर बोट ठेवण्यात आले. ज्या वास्तूत नारुतोविच पडले त्याच वास्तूत, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी! २००१ साली रोटेनबर्ग यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणाला वीस वर्षांनी एक विलक्षण उत्तर मिळाले. येझी कालिना हे ज्येष्ठ शिल्पकार, ऐंशीच्या दशकात चर्चच्या आश्रयाने काम केलेल्या पिढीतले. २०२० साली वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या अंगणात त्यांनी लाल पाण्याच्या हौदात पोपचा पुतळा उभा केला. या पोपने तीच उल्का दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली आहे आणि तो ती खाली फेकण्याच्या बेतात आहे. काहींना ते भव्य वाटले, तरुणांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण फाडणे, ढकलणे, काढून टाकणे यांच्याऐवजी एका पुतळ्याला दुसऱ्या पुतळ्याने उत्तर देणे हा मार्ग सभ्य म्हटला पाहिजे. कालिना यांच्या शिल्पाची गुणवत्ता हा वेगळा प्रश्न.

न्यायालयात गेलेले प्रकरण गदान्स्कचे. ‘सॉलिडॅरिटी’ जेथे जन्मली त्याच बंदराच्या शहरात दोरोता न्येझनाल्स्का या तरुण शिल्पकर्तीने २००१ च्या डिसेंबरात ‘पॅशन’ नावाची कृती मांडली. या शब्दाचे दोन अर्थ आहेत: ख्रिस्ताच्या यातना आणि वासना. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या पुरुषाचे चलच्चित्र आणि त्याच्या पुढ्यात टांगलेला एक धातूचा क्रूस. क्रुसावर पुरुषाच्या जननेंद्रियाचे छायाचित्र. पौरुषाच्या पूजेवर आपला रोख होता असे त्यांचे सांगणे. धार्मिक भावना दुखावण्याबद्दल दंडसंहितेच्या १९६ व्या कलमाखाली खटला भरला गेला. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना सहा महिने सक्तीच्या समाजसेवेची शिक्षा सुनावली. अपील झाले, फेरसुनावणी झाली आणि २००९ साली त्या निर्दोष सुटल्या. मधली वर्षे कोणी परत देत नाही. ज्या दालनात ते प्रदर्शन भरले होते ते तर आधीच बंद पडले होते. खुद्द न्यायालयात सुनावणीच्या वेळी विरोधकांची गर्दी असे. चर्चने ज्या कलेला वीस वर्षांपूर्वी छप्पर दिले, तिची धाकटी भावंडे आता चर्चच्या नावाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

केवळ भांडणांच्या बातम्यांवरून या कलेची ओळख करून घेणे तिच्यावर अन्याय करणे होईल. आरडाओरड न करता झालेले कामच बहुधा अधिक टिकेल. मिरोस्लाव बाल्का यांचे उदाहरण पाहावे. वॉर्साजवळच्या ओत्वोत्स्क या गावी बालपणीच्या घरातच त्यांनी आपले काम चालविले. आजोबा थडग्यांचे दगड घडवीत, वडील त्यांवर अक्षरे कोरीत. या गावातील ज्यू वस्ती १९४२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी त्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे रवाना केली. गाव राहिले, माणसे गेली, आणि कम्युनिस्ट काळात त्याविषयी कोणी बोलत नसे. बाल्का राख, मीठ, साबण, जुनी लाकडी फळकुटे अशा वस्तू वापरतात. मापे पुष्कळदा स्वतःच्या शरीराची असतात. २००९ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्यांनी तेरा मीटर उंच आणि तीस मीटर लांब असा एक पोलादी पेटारा ठेवला. आत पूर्ण काळोख. प्रेक्षकाने उतरणीवरून चालत त्या काळोखात शिरावयाचे. समोर काही नाही, फक्त आजूबाजूला अनोळखी माणसांचे श्वास. पोलंडच्या मालडब्यांविषयी ज्याने काही वाचलेले नाही त्यालाही तेथे घाम फुटे.

विल्हेल्म सास्नाल हे १९७२ साली जन्मलेले चित्रकार त्याच विषयाकडे निराळ्या वाटेने आले. क्राकोव येथे विद्यार्थिदशेत त्यांनी मित्रांसह एक गट काढला होता. त्याच्या नावाचा अर्थ ‘छान’ असा होतो, आणि प्राध्यापकांच्या गुळमुळीत शाबासकीची ती थट्टा होती. २००० साली यान ग्रॉस या इतिहासकाराचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. येद्वाब्ने या गावात १९४१ च्या जुलै महिन्यात पोलिश गावकऱ्यांनी आपल्याच ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळले, ही हकीगत त्यात होती. आपण केवळ बळी होतो, या राष्ट्रीय समजुतीला तो मोठा धक्का होता. सास्नाल यांच्या पिढीने तो धक्का रंगविला. त्यांच्या २००३ च्या एका चित्रात हिरव्यागर्द रानाचे प्रचंड फटकारे आहेत आणि तळाशी तीन माणसे, जवळजवळ ठिपक्यांएवढी. कोणाची थडगी त्या रानाखाली आहेत हे चित्र सांगत नाही.

याउलट आर्तुर झ्मियेव्स्की यांचे ‘८००६४’ हे २००४ चे चलच्चित्र. आउशविट्झमधून वाचलेल्या ९२ वर्षांच्या वृद्धाच्या हातावरील कैद्याचा आकडा पुसट झाला होता. चित्रकाराने त्याला गोंदवणाऱ्याकडे नेऊन, त्याची नाखुशी दिसत असतानाही, तो आकडा पुन्हा गिरवून घेतला. स्मृती जागी ठेवण्याचा हा मार्ग असेल तर ती झोपलेली बरी. असे करण्याचे स्वातंत्र्य असावे आणि ते केल्याबद्दल परखडपणे बोलले जावे. पोलिश समीक्षक तसे बोललेही.

वॉर्साच्या सामान्य नागरिकाला या काळातील कोणती कलाकृती आठवते, असे विचारले तर तो बहुधा खजुराच्या झाडाचे नाव घेईल. शहरातील एका हमरस्त्याचे नाव ‘जेरुसलेम मार्ग’ असे आहे. १७७४ साली तेथे ‘नवे जेरुसलेम’ नावाची ज्यूंची वसाहत उठली होती आणि ती लवकरच मोडून टाकण्यात आली. नाव तेवढे उरले. योआना रायकोव्स्का या चित्रकर्तीने डिसेंबर २००२ मध्ये त्या रस्त्यावरील चौकात, जुन्या पक्षकार्यालयाच्या समोर, एक कृत्रिम खजूर उभा केला. हिमवर्षावात हिरवा खजूर! तो वर्षभरासाठी होता. लोक हसले, वैतागले, आणि मग त्यांना त्याची सवय झाली. २००७ साली परिचारिकांचे आंदोलन झाले तेव्हा त्याच्या शेंड्यावर परिचारिकेची टोपी चढली. २०१९ च्या जून महिन्यात रायकोव्स्का यांनी हिरव्या झावळ्या काढून वाळक्या लावल्या, आणि तापत चाललेल्या पृथ्वीविषयी येणारे-जाणारे काही दिवस बोलत राहिले. हे झाड आजही तेथे आहे. सर्वच चौकांचे नशीब इतके चांगले नव्हते. युलिता वुइचिक यांनी कृत्रिम फुलांचे इंद्रधनुष्य २०१२ साली दुसऱ्या एका चौकात उभारले. ते वारंवार जाळण्यात आले. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी, म्हणजे राष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनी, मोर्चातल्या लोकांनी जाळले. २०१५ साली ते उतरविले गेले.

बाजाराने कलावंताला काय दिले? थोड्यांना पुष्कळ दिले. सास्नाल यांची चित्रे परदेशी लिलावांत गेली. परंतु जुन्या राजवटीत सरकारी कामांवर पोट भरणाऱ्या हजारोंना त्या कामांबरोबरच विम्याचा आणि निवृत्तिवेतनाचाही आधार उरला नाही. २४ मे २०१२ रोजी पोलंडमधील अनेक दालने आणि संग्रहालये एक दिवस बंद राहिली. तो ‘कलेविना दिवस’ होता आणि मागणी अगदी कारकुनी होती: आम्हांलाही आरोग्यविमा आणि म्हातारपणी पेन्शन मिळावी.

दालने सरकारची, अनुदान सरकारचे, संचालकाच्या नेमणुकीवर सही मंत्र्याची. या व्यवस्थेत सेन्सॉरच्या लाल पेन्सिलीची गरज उरत नाही. २०१५ साली ‘कायदा आणि न्याय’ या उजव्या पक्षाचे सरकार आल्यावर हे क्रमाने दिसू लागले. २०१९ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय संग्रहालयातून नतालिया एल. एल. यांची केळे खाणाऱ्या स्त्रीची छायाचित्रमाला काढली गेली. तरुणांच्या मनावर परिणाम होतो, असे कारण दिले गेले. ही कृती १९७२ ची! म्हणजे दुकानात केळे क्वचितच मिळे अशा कम्युनिस्ट पोलंडमध्ये जी निर्माण होऊ शकली ती लोकशाही पोलंडमध्ये भिंतीवर राहू शकली नाही. संग्रहालयापुढे शेकडो लोक जमले आणि त्यांनी निमूटपणे केळी खाल्ली. चित्रे काही दिवसांसाठी परत लागली. २०२१ च्या अखेरीस झाखेंताच्या संचालिका हान्ना व्रुब्लेव्स्का यांची मुदत वाढविण्यात आली नाही आणि सरकारच्या पसंतीचे यानुश यानोव्स्की त्या जागी आले. तथापि त्याच राजवटीत, २०२२ च्या व्हेनिस प्रदर्शनासाठी माल्गोझाता मिर्गा-तास या रोमा जमातीच्या चित्रकर्तीची निवड झाली. जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून शिवलेल्या, आपल्या आयाबहिणींच्या विशाल चित्रांनी त्यांनी पोलंडचे दालन मढवून काढले. कोणत्याही देशाच्या राष्ट्रीय दालनात रोमा कलावंताला मिळालेला हा पहिला मान होता. तेव्हा सर्वच काळे होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

खरी कसोटी लागली ती सरकार बदलल्यावर. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीनंतर उदारमतवादी आघाडी सत्तेवर आली. यानोव्स्की यांच्या अध्यक्षतेखालील निवडसमितीने २०२४ च्या व्हेनिससाठी इग्नात्सी च्वार्तोस यांची निवड केली होती. जर्मनी आणि रशिया यांच्या कात्रीत सापडलेल्या पोलंडची शोकांतिका हा त्यांच्या चित्रांचा विषय. एका चित्रात मर्केल आणि पुतिन यांच्यामध्ये स्वस्तिक. समितीतील काही सदस्यांनी या निवडीला लेखी विरोध केला होता. नव्या मंत्र्यांनी डिसेंबर संपण्याच्या आत ती रद्द केली आणि समितीच्याच राखीव यादीतील युक्रेनियन कलावंतांच्या गटाला पाठविले. त्या गटाचे काम हृदयाला भिडणारे होते. युद्धातून पळून आलेली माणसे तोफांचे आणि क्षेपणास्त्रांचे आवाज तोंडाने काढून दाखवितात आणि प्रेक्षकाला म्हणतात, आता तुम्ही म्हणा. च्वार्तोस यांची चित्रे प्रस्तुत लेखकाला छायाचित्रांतून तरी प्रचारकी वाटली. तरीही प्रश्न राहतोच. २०१९ साली केळ्याचे चित्र काढल्यावर जे रस्त्यावर आले त्यांच्यापैकी किती जण या वेळी बोलले? झालेली निवड मंत्र्याने फिरवावी ही प्रथा वाईट असेल तर ती आपल्या नावडत्या चित्रकाराच्या बाबतीतही वाईटच. निवड करणारी समितीच पक्षपाती होती, हे उत्तर खोटे नाही. पण पुढचे सरकारही नेमके हेच उत्तर देईल. मे २०२४ मध्ये व्रुब्लेव्स्का संस्कृतिमंत्री झाल्या आणि सुमारे वर्षभर त्या पदावर होत्या. ज्यांना सहीअभावी जावे लागले त्यांच्याच हाती सही आली. त्या अवधीत नेमणुकांची पद्धत कायमची बदलणे हे खरे काम होते, आणि मंत्र्याची सही अद्याप तेथेच आहे.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी वॉर्सात आधुनिक कला संग्रहालयाची नवी इमारत उघडली. संस्था २००५ मध्येच स्थापन झाली होती. मधली जवळजवळ वीस वर्षे ती कधी कम्युनिस्ट काळातील एका फर्निचरच्या दुकानात, कधी नदीकाठच्या मंडपात दिवस काढीत होती. अमेरिकन वास्तुविशारद थॉमस फायफर यांनी पांढऱ्या काँक्रीटचा एक साधा लांबोडा ठोकळा बांधला. नागरिकांनी त्याला बुटांचे खोके म्हटले. शेजारीच १९५५ साली पुरा झालेला, स्टालिनने ‘भेट’ दिलेला संस्कृतिप्रासाद आपल्या टोकदार शिखरासह उभा आहे. वॉर्साच्या माणसाला त्याच्या नजरेतून सुटका नाही.

उद्घाटनाच्या वेळी आत अलिना शापोच्निकोव यांचे १९५४ चे एक ब्राँझ शिल्प ठेवले होते. शापोच्निकोव या स्वतः आउशविट्झमधून वाचलेल्या. शिल्पाचे नाव ‘मैत्री’. एक पोलिश आणि एक सोव्हिएत तरुण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पुढे निघाले आहेत. मुळात ते शेजारच्या प्रासादात होते आणि दोघांनी मिळून एक ध्वज धरला होता. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते तेथून हलविताना ध्वज आणि तो धरणारे हात कापून टाकण्यात आले. पुढे बरीच वर्षे ते खासगी जागेत पडून होते. संग्रहालयाने हात पुन्हा जोडले नाहीत. ते दोघे बाहेरच्या बाजूला हात नसलेलेच, पांढऱ्या भिंतीसमोर, जसे सापडले तसे उभे केले आहेत. आणि पहिल्या दिवसांत रांगा लावून आलेले वॉर्साचे लोक त्यांच्याभोवती फिरून ध्वज कोठे तुटला ती जागा पाहत होते.